सगळे गोल एकाच बाजूला

जिच्या हातात सध्या एक छापील कागद आहे, त्यावर शून्य ते दहा आकडे आहेत आणि आपलं दुखणं किती ते पाहून एका आकड्याला गोल करायचा आहे, तिच्यासाठी हे लिहिते आहे. मी असे कागद पुष्कळ भरले आणि बरेचसे खोटे भरले. आजार मला त्या वयात नीट समजला नव्हता. आजही सगळा समजला आहे असं नाही, त्यामुळे इथे उपदेश फारसा सापडणार नाही.

काखेखाली

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. बाबा वनखात्यात कारकून, बदली अहेरीला. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून आई आणि मी चंद्रपूरला दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. शाळा संपली, कॉलेज संपलं, तरी आम्ही तिथेच राहिलो. आता माझ्यासाठी स्थळं बघायची होती आणि अहेरीपर्यंत कोण येतं, असं आईचं म्हणणं होतं.

गाठ आंघोळ करताना सापडली. आईला सांगायला मला तीन आठवडे लागले. वाक्यच जमत नव्हतं. इंग्रजीत शब्द होता, तो आईला कळला नसता. मराठीत होता, तो मी कधी तोंडाने उच्चारला नव्हता. शेवटी म्हणाले, "काखेखाली काहीतरी आहे." तेव्हापासून घरात त्या आजाराचं नावच 'काखेखाली' पडलं. नातेवाइकांनाही आई तेवढंच सांगायची. मी इथे एकदा सरळ लिहून टाकते. स्तनाचा कर्करोग होता. उजवा स्तन काढला आणि काखेतल्या गाठीही काढल्या.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ते माझ्याशी इंग्रजीत बोलून सांगितलं, कारण मी त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत दिलं होतं. आई-बाबा मागे उभे होते. चार वाक्यं झाली. काही विचारायचंय का, असं त्यांनी विचारलं. मी 'नो सर' म्हणाले. बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "काय म्हणाले ते?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझा आजार मलाच भाषांतर करून सांगावा लागणार आहे.

"ऑपरेशन करायचं म्हणतात."

"ते कळलं. पण आहे काय?"

"तेच."

"तेच म्हणजे?"

"तुम्ही जरा थांबा ना," आई म्हणाली. "तिला आधी चहा घेऊ द्या."

टपरीवर तीन चहा सांगितले. आईने आपला प्यायला आणि नंतर न बघता माझाही प्यायला. तेव्हा मला कळलं, की तिला समजलं आहे.

लिफाफा

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांबरोबर शिल्पा मॅडम आल्या. त्या हाताचे व्यायाम शिकवायच्या. पुण्याकडच्या होत्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांचा एक संशोधनाचा अभ्यास चालू होता. अशा ऑपरेशननंतर खांदा आखडतो. काही जणींना दुसऱ्याच दिवशी व्यायाम सुरू करायचे आणि काही जणींना जखमेतली नळी काढल्यावर, म्हणजे आठवड्याभराने. पुढे दोन वर्षं कुणाचा हात किती वर जातो ते बघायचं. कुणी कोणत्या गटात जायचं ते बंद लिफाफ्यातली चिठ्ठी ठरवणार होती.

"यातलं चांगलं कोणतं?" बाबांनी विचारलं.

"तेच तर माहीत नाही काका. म्हणून अभ्यास."

"माहीत नाही, तर मग आमच्या पोरीवर कशाला?"

बाबा व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. सही मी केली. आईला वाटलं, मी धीट आहे. खरं कारण वेगळं होतं. नाही म्हणायला बोलावं लागलं असतं. शिवाय तो कागद चांगल्या इंग्रजीत होता आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा समोर आलेलं सगळं मला समजलं होतं.

माझी चिठ्ठी निघाली 'ब'. व्यायाम नळी काढल्यावर. शेजारच्या खाटेवर सुगंधाबाई होती, तिची निघाली 'अ'. नागभीडकडच्या एका तलावाकाठच्या गावची ही ढिवर बाई, पन्नाशीची. नवरा मासोळ्या धरायचा आणि ती टोपलं डोक्यावर घेऊन बाजारात विकायची. तिचं ऑपरेशन डाव्या बाजूला होतं.

आईचा चेहरा उतरला. ज्या गोष्टीची डॉक्टरांना दुसऱ्याच दिवशी घाई असते ती चांगलीच असणार, असा तिचा हिशोब होता. चांगलं ते शेजारणीला मिळालं आणि आपल्याला उरलेलं. मी दोन वेळा समजावून सांगितलं. ती म्हणाली, "हो, समजलं." आणि शिल्पा मॅडम सुगंधाबाईला व्यायाम शिकवायला आल्या, की स्टुलावर बसून एकटक बघायला लागली.

तिसऱ्या दिवशी तिने मला बाथरूममध्ये नेलं आणि आतून कडी लावली. नळीची पिशवी तिने स्वतःच्या हातात धरली.

"भिंतीवर बोटं ठेव. मुंगी चालते तशी वर ने."

"आई, मला नाही करायचं आत्ता. कागदावर लिहिलंय. मी सही केली आहे."

"सही तू केली. मी नाही केली."

माझी मुंगी दोन फरशा चढली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. आई म्हणाली, उद्या तिसरी. रोज सकाळी, डॉक्टरांच्या फेरीच्या आधी, आम्ही हे पाच दिवस केलं.

नळी काढल्यावर जखमेखाली पाणी साठलं. डॉक्टरांनी सुईने काढलं, चार दिवसांनी पुन्हा काढावं लागलं. काही ओढाताण केली होती का, त्यांनी विचारलं. आई पलीकडे उभी होती, हातात माझा टॉवेल. मी 'नो सर' म्हणाले. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. 

दर महिन्याचा शनिवार

पुढे औषधांच्या बाटल्या चढल्या, किरणांचे शेक घेऊन झाले. ते दिवस मला सलग आठवत नाहीत. उलटीसाठी ठेवलेलं हिरवं टमरेल आठवतं आणि आई रोज माझी वेणी घालताना गळलेले केस मुठीत लपवायची ते आठवतं. एक दिवस वेणी घालायला काही उरलं नाही. तरीही ती कंगवा घेऊन माझ्यामागे येऊन बसली. 

डॉक्टरांची तपासणी तीन महिन्यांतून एकदा, नागपूरला. पण दर महिन्याच्या एका शनिवारी शिल्पा मॅडम चंद्रपूरला यायच्या. तिथल्या एका दवाखान्याने त्यांना मागची खोली दिली होती. हात किती वर जातो ते त्या मोजायच्या, दंडाला टेप लावायच्या आणि मग तो कागद पुढे करायच्या. दुखतं का, शून्य ते दहा. मुंग्या येतात का, शून्य ते दहा. झोप लागते का. स्वतःच्या शरीराकडे बघवतं का. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही.

मी तो कागद पेपरासारखा सोडवायची. दुसरं कसं सांगू? छापील प्रश्न समोर आला, की त्याला बरोबर उत्तर असतं आणि ते लिहिलं की बाई खूश होतात, एवढं मला शाळेने पक्कं शिकवलं होतं. मी सगळ्या शून्यांना गोल करायची. शिल्पा मॅडम माझ्याशी इंग्रजीत बोलायच्या. "यू आर माय बेस्ट पेशंट," असं एकदा म्हणाल्या. ते वाक्य मी घरी आईलाही सांगितलं. इंग्रजीत मला 'फाइन' म्हणता यायचं. मराठीत त्याच प्रश्नाला आवाज बदलायचा.

सुगंधाबाई पहाटेच्या गाडीने यायची. तिला वाचता येत नव्हतं आणि शिल्पा मॅडमना तिचं बोलणं अर्धंच कळायचं, म्हणून तिचा कागद भरण्याचं काम माझ्याकडे आलं.

"डोक्यापेक्षा उंच फळीवर वस्तू ठेवता येते का?" मी वाचायची.

"आमच्या घरी फळी कुठी हाये?"

"समजा, असली तर."

"नसली त समजू काऊन? टोपलं डोक्यावर घेता येते का, ते इचार ना. त्याच्यावर पोट हाये माह्यं."

"येतं का?"

"नाई येत. अर्ध्यात जाते न हात सोडून देते. मागल्या बाजारी पुरं टोपलं रस्त्यावर सांडवलं. कुत्र्यायची दिवाळी झाली."

मी ते शिल्पा मॅडमना सांगितलं. त्यांनी पेन्सिलीने समासात लिहून घेतलं, 'टोपली डोक्यावर'. सुगंधाबाई वाकून बघत होती. "लिवलं का? बरं झालं," म्हणाली.

तुरीचा दाणा

दिवाळीच्या आधी व्रणाच्या वरच्या टोकाला काहीतरी कडक लागलं. तुरीच्या दाण्याएवढं. दाबलं की दुखायचं. मी ते रोज बघायची आणि रोज ब्लाउजची बटणं लावून बाहेर यायची.

का सांगितलं नाही, हे मला पुष्कळांनी विचारलं. माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं ते लिहून बघते. मला वाटायचं, हे बाथरूममधल्या मुंगीमुळे झालं. पाणी साठलं तेही त्यामुळेच आणि आता हे. मी बोलले तर का झालं ते विचारतील. मग आईचं नाव येईल. डॉक्टर आईला विचारतील आणि ती सगळ्यांसमोर उभी राहील, हातात टॉवेल घेऊन. शिवाय अभ्यास बिघडेल. शिवाय मी बेस्ट पेशंट होते. या गोष्टी एकाच मापाच्या नाहीत हे आज दिसतं. तेव्हा त्या सारख्याच मोठ्या होत्या. डॉक्टरांची तपासणी जानेवारीत होती. तोवर जाईल, असं मी रोज स्वतःला सांगायची.

दिवाळीनंतरच्या शनिवारी मी माझा कागद आधी भरला आणि सुगंधाबाईचा घेतला. शिल्पा मॅडम पलीकडे दुसऱ्या बाईचा हात मोजत होत्या. सुगंधाबाई माझ्याच कागदाकडे बघत होती.

"यात का लिवलं वं तू?"

"तुमच्यासारखंच. तेच प्रश्न आहेत."

"माह्यासारखं कुठी? माह्ये गोल एक इकडे, एक तिकडे. तुह्ये सगळे एकाच बाजूले. मागच्या खेपेलेही असेच होते."

"मला त्रास नाही म्हणून."

"जाळं टाकलं न पोरी, त मासोळ्या अशा लाईनीत नाई येत. आल्या त समजावं, कोनी हातानं लावल्या."

मी कागद पालथा केला.

"मंग हात काऊन दाबून बसली?"

माझा डावा हात उजव्या बाजूला होता. केव्हा गेला मला कळलंही नव्हतं. तिने विचारलं नाही. ताप बघावा तसा आपला पंजा माझ्या ब्लाउजवर ठेवला आणि बोटं नेमकी तिथे थांबली.

"कवाची हाये?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"मायले सांगतलं?"

"नाही."

"काऊन?"

मग मी तिला सगळं सांगितलं. बाथरूम, कडी, फरशा, साठलेलं पाणी. ती ऐकता ऐकता हसायला लागली आणि खोकला येईपर्यंत हसली.

"अवं, मी त एक दिवस नाई केली कसरत! अंगात दम कुठी होता? मॅडम आली का दोनदा हात हालवो, गेली का झोपो. केली का म्हणून इचारे, मी हव म्हणो." तिने डोळे पुसले. "पाह्य आता. तुह्यी कसरत माह्या नावावर लिवली, न माह्यी झोप तुह्या."

मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली. ती उठून उभी राहिली होती.

"चाल."

"कुठे?"

"सांगाले."

"तुम्ही सांगा ना."

"मी काऊन सांगू? गाठ माह्यी हाये का?"

ती माझ्याबरोबर टेबलापर्यंत आली, पण तोंड उघडलं नाही. मी सुरुवात केली, "ॲक्चुअली मॅडम, आय ॲम फाइन, बट..." आणि पुढचं इंग्रजी संपलं. इतकी वर्षं शिकलेलं सगळं संपलं. मग म्हणाले, "मॅडम, इथं गाठ आहे. दुखतं."

शिल्पा मॅडमनी पडद्याआड नेऊन बघितलं. त्यांचा चेहरा बदलला नाही, पण त्यांनी माझ्या ब्लाउजची बटणं स्वतःच लावून दिली, लहान मुलीची लावावी तशी. सोमवारी नागपूरला ये, म्हणाल्या. त्यानंतर मी बाकीचंही सांगितलं, म्हणजे मुंगीचं. सुगंधाबाईने आपलंही सांगून टाकलं. शिल्पा मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"अजून किती जणींनी असं केलं असेल?" त्या म्हणाल्या. आम्हाला विचारत नव्हत्या बहुतेक.

मी माझे गोल खोडायला रबर मागितलं. "खोडू नकोस," त्या म्हणाल्या. "आहे ते राहू दे. खाली लिही, आधीची उत्तरं खरी नव्हती. चुकलेलंही लिहायचं असतं." पाणी दोन्ही गटांतल्या बऱ्याच जणींना साठलं होतं, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. हे ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला नुसतं थकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्यांदा

आईला त्या संध्याकाळी सांगितलं, भाजी निवडताना. ती निवडत राहिली. जुडी संपल्यावर म्हणाली, "माझ्यामुळे?" मी नाही म्हणाले. तिने ते मोजलंच नाही.

सोमवारी नागपूरला ती माझ्याआधी डॉक्टरांच्या खोलीत शिरली. आजवर तिने एकाही डॉक्टरला एकही प्रश्न विचारला नव्हता. "मी हिला लवकर व्यायाम करायला लावला. त्यानं झालं का?" डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली आणि सावकाश मराठीत सांगितलं. व्यायामाने गाठ येत नाही. आजार परतायचा असेल तर परततो. का, ते प्रत्येक वेळी सांगता येत नाही. आईने मान हलवली. तिला पटलं की नाही, मला अजून ठाऊक नाही. बाथरूममधल्या त्या पाच दिवसांबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही.

तपासणीत आलं, की आजारच होता, परत आलेला. पण लहान होता, वरच्या वर होता. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा बाटल्या. "आत्ता आलात ते बरं झालं," डॉक्टर म्हणाले, "अजून तीन-चार महिने गेले असते..." आणि फाईल बंद केली. ते वाक्य मी कित्येक रात्री वेगवेगळ्या तऱ्हेने पूर्ण केलं. तुमच्याही वाट्याला असं अर्धं वाक्य येईल. तिथल्या तिथे विचारा. मी विचारलं नाही.

बाबा अहेरीहून आले, एसटी बदलत बदलत. एप्रिल लागला होता. त्यांनी पळसाच्या पानात टेंभरं बांधून आणली होती. प्रवासात निम्मी चेपली होती. मला तोंडाला चव नव्हती, पण त्या गोड, चिकट फळाची लागली. बाबा खाटेजवळ बसून बिया एका कागदावर गोळा करत होते. अभ्यासाबद्दल ते काही बोलले नाहीत. निघताना शिल्पा मॅडम भेटल्या, तेव्हा म्हणाले, "मॅडम, तुमचा तो कागद होता म्हणून निघालं." मॅडम म्हणाल्या, "काका, कागदावर तर सगळी शून्यंच होती." बाबा गोंधळले. मग त्यांनी नमस्कार केला आणि गेले.

शेवटचा कागद

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आजार पुन्हा आला नाही. उजवा हात खांद्याच्या थोडा वर जातो आणि थांबतो. त्या अभ्यासातून शेवटी काय निघालं, ते मला कळलं नाही. मला कोणत्या गटात धरलं असेल, तेही नाही. विचारायचं राहून गेलं.

एवढं मात्र सांगायचं आहे. दुसऱ्या ऑपरेशनला वर्ष होत आलं, तेव्हा सुगंधाबाई शनिवारी यायची बंद झाली. दंड सुजला होता, एसटीत धक्के सोसत नव्हते. तिचा शेवटचा कागद शिल्पा मॅडमनी माझ्याकडे दिला आणि माझाही त्याच्याबरोबर. मी आणि आई तिच्या गावी गेलो. तलावात शिंगाड्याचे वेल पसरले होते आणि अंगणात उकडलेल्या शिंगाड्यांचं टोपलं वाफा सोडत होतं. तिने आईला बाज दिली, मला म्हणाली, "बस वं, बेस पेशन." मॅडमचे शब्द तिने कधी उचलले कोण जाणे.

मी प्रश्न वाचत गेले, ती उत्तरं देत गेली. दुखणं सहा. मुंग्या आठ. स्वतःकडे बघवतं का, यावर म्हणाली, "आरसा लहान हाये, तोंडच दिसते." शेवटचा प्रश्न पूर्वी समासात पेन्सिलीने होता, तो आता छापला होता. टोपली उचलून डोक्यावर घेता येते का? पुढे दोन चौकोन. हो. नाही.

"येतं का?" मी विचारलं.

ती उठली, टोपल्याजवळ गेली आणि उजव्या हाताने एक काठ धरला. "तू तिकडून धर. डाव्या हातानं." मी धरलं. तिचा चांगला हात आणि माझा चांगला हात, मधे ते गरम टोपलं. ते डुचमळलं, दोन शिंगाडे खाली पडले, आई बाजेवरून अर्धवट उठली. मग ते तिच्या डोक्यावर चुंबळीत नीट बसलं. तिने हात सोडून दाखवला.

"लिव आता."

"काय लिहू? हो की नाही?"

"दिसलं ते लिव ना."

मी दोन्ही चौकोन रिकामे ठेवले आणि बाजूला मराठीत लिहिलं, दोघींनी मिळून. मग माझा कागद घेतला आणि त्यावरही तेच लिहिलं.